दिवा पेटला, आता काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला मामांचा फोन आला. "अबे भाच्या, तू इंजिनिअर होऊन राहिला ना? मग सांग, हा पिवळा दिवा काऊन पेटला?"

मामांकडे डिझेल पिकअप आहे. चंद्रपूरहून टमाटे-कांदे भरून गोंडपिपरी, आष्टीमार्गे आलापल्लीला न्यायचे, हा त्यांचा धंदा. त्या रात्री आष्टीच्या पुढे, भर जंगलात इंजिनचा दिवा पेटला आणि गाडीची ताकदच गेली. स्पीड तिसाच्या वर जाईना. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. डिझेल सायकलची आकृती झोपेतही काढीन, पण मामांना काय सांगावं ते सुचेना. "ऑइल बघा," म्हणालो आणि गप्प बसलो. मामा कसेबसे पोचले, पण बाजार हातचा गेला.

गावातल्या मिस्त्रीने बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं. दिवा विझला! दोन दिवसांनी पुन्हा हजर. शेवटी चंद्रपूरला स्कॅनर लावला, तेव्हा कोड निघाला पी २४६३. म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधल्या फिल्टरमध्ये काजळी साचली. टर्मिनल काढणं म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर फोडणं. दुखणं तसंच राहतं, वरून पुरावा पुसला जातो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल गाड्यांना काजळी पकडणारा फिल्टर आला. ही काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. गाडी एका लयीत पळाली तर ते काम आपोआप होतं. पण आमच्याकडे खड्डे, चिखल, ट्रकच्या रांगा. दिवसभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत काजळी जळणार कशी? म्हणजे दिवा गाडीत पेटतो, पण दोष अर्धा रस्त्याचा असतो!

म्हणून आधी रंग ओळखा. लाल दिवा, म्हणजे ऑइल प्रेशर किंवा इंजिन गरम, दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणाल तर इंजिनच बसेल. पिवळा असेल तर घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. फिल्टरचा दिवा नुकताच पेटला असेल, तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका स्पीडने चालवून तो बहुतेक वेळा विझतो. ताकद गेली असेल तर मात्र वर्कशॉपच. डबकीतलं डिझेल भरल्यावर पाण्याचा दिवा पेटला, तर आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा. आणि उन्हाळ्यात काजळी जळत असताना वाळल्या सागाच्या पानांवर गाडी उभी करू नका. सायलेन्सर इतका तापतो की वणवा लागू शकतो.

माझं म्हणणं एवढंच, की यात मिस्त्रीची चूक नाही. त्याच्या हातात पाना आहे, गाडी मात्र कॉम्प्युटरवर चालते. स्कॅनर चंद्रपुरात, गाडी एटापल्लीत. मधल्या शंभर-दीडशे किलोमीटरचा भुर्दंड गाडीवाल्याने का सोसायचा? तालुक्याच्या प्रत्येक आयटीआयमध्ये एक स्कॅनर आणि तो वाचणारा एक माणूस हवाच. कोड म्हणजे निकाल नाही, नुसता इशारा. काजळी संथ चालवण्याने साचली, की इंजेक्टर बिघडल्याने, हे शोधायला डोकंच लागतं.

ते डोकं आपण तयार करतोय का? आम्ही अजून कार्बोरेटरच्या कट मॉडेलवर व्हायव्हा देतो. सुट्टीत गावी गेलात तर एक दिवस मिस्त्रीच्या गॅरेजवर बसा. त्याला कोड समजावा, त्याच्याकडून कान शिका. तो नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखतो!

मी परवा सेकंडहँड स्कॅनर घेतला. आता मामांच्या फोनची वाट बघतोय. खरं म्हणजे तो येऊच नये.