बंदुकीचा परवाना मागण्याआधी बंदुकांचा हिशेब मागा

ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिक पोलिसांनी गुंडांविरोधात मोहीम उघडली आणि ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य राज्यभर पोचलं. काल-परवापर्यंत रीलमध्ये रुबाब करणारे ‘भाई’ हात जोडून हे वाक्य म्हणताना लोकांनी मोबाईलवर पाहिले. लोक हसले, पोलिसांचं कौतुकही झालं. त्याच महिन्यात सातपूरच्या एका बारमधील गोळीबार प्रकरणात रिपब्लिकन पक्षाचं नाव लावणाऱ्या एका स्थानिक नेत्याला अटक झाली. त्या खटल्यात कोण दोषी, कोण निर्दोष हे न्यायालय ठरवेल. पण शस्त्राचा प्रश्न आपल्या वस्तीच्या कमानीपर्यंत आला आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

तेव्हापासून वस्तीतल्या बैठकांत तरुण मुलं एक प्रश्न वारंवार विचारतात. गावठी कट्टा नको, तो गुन्हाच आहे. पण रीतसर परवाना काढून बंदूक घेतली तर काय बिघडलं? गावात अन्याय होतो तेव्हा पोलीस उशिरा येतात. तोवर आमचं रक्षण कोण करणार?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हाथरसच्या घटनेनंतर 2020 मध्ये चंद्रशेखर आझाद यांनी देशातल्या 20 लाख बहुजनांना शस्त्र परवाने द्या आणि बंदूक घ्यायला 50 टक्के अनुदान द्या, अशी जाहीर मागणी केली होती. त्यामागचा संताप खरा होता. पण मागणी योग्य आहे की नाही, हे संतापावरून ठरत नाही. त्यासाठी कायदा काय सांगतो, परवाने प्रत्यक्षात कोणाला मिळतात आणि आपल्यावरचे हल्ले कसे होतात, हे पाहावं लागतं.

परवाना म्हणजे काय?

आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. अमेरिकेत तो संविधानात आहे. आपल्याकडे ती शासनाने दिलेली परवानगी आहे. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम त्यासाठी लागू आहेत. नाशिक शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागातल्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. वय 21 पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं आणि आपल्याला शस्त्राची गरज का आहे हे पटवून द्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. परवाना पाच वर्षांचा असतो, मग नूतनीकरण. निवडणूक लागली की पोलीस सांगतील त्याने शस्त्र जमा करायचं. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

विनापरवाना शस्त्राची गोष्ट वेगळीच. जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. तिथे बनलेले कट्टे आपल्या भागात येतात, हे पोलीस कारवायांतून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. असा कट्टा जवळ सापडला तरी किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. त्याने गोळी झाडलेली असण्याचीही गरज नाही. तीस सेकंदांच्या रीलसाठी पोरगा नोकरी, पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी या तिन्हींवर कायमचा डाग लावून घेतो.

शस्त्र कायद्याच्या कलम 14 मध्ये एक ओळ आहे, जी आपल्या कार्यकर्त्यांना सहसा माहीत नसते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम 18 नुसार अपील करता येतं. म्हणजे कागदावर भूमिहीन मजूर आणि बागायतदार सारखेच आहेत. व्यवहारात मात्र ‘गरज’ हा शब्दच मालमत्तेच्या भाषेत वाचला जातो. ज्याच्याकडे रोकड, जमीन, पेट्रोल पंप, ठेकेदारी त्याला धोका. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याला कसला धोका? जातीय हल्ल्याचा धोका सांगायला आयकर विवरणपत्र उपयोगी पडत नाही.

बीडने काय दाखवलं

9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून निर्घृण खून करण्यात आला. त्याची सुरुवात तीन दिवस आधी झाली होती. पवनचक्की कंपनीच्या आवारात तिथल्या दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली आणि गावचा सरपंच म्हणून देशमुख मदतीला धावले. या प्रकरणाची चर्चा मराठा विरुद्ध वंजारी अशीच रंगवली गेली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची असलेली ही पहिली मारहाण मात्र बातम्यांच्या कोपऱ्यात गेली.

या खुनानंतर बीडच्या शस्त्र परवान्यांकडे राज्याचं लक्ष गेलं. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं समोर आलं. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी मांडलेल्या आकडेवारीत शेजारच्या परभणीत हाच आकडा 32 होता. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचं दिसलं आणि मग प्रशासनाने शंभरहून अधिक परवाने रद्द केले. प्रश्न असा की खून होईपर्यंत ही यादी कोणी वाचली का नाही?

देशमुखांच्या खुनात बंदुकीची गोळी वापरली गेली नव्हती. बंदुकीचं काम त्याआधीच झालेलं असतं. कमरेला दिसणारं पिस्तूल ग्रामसभेत, वाळूच्या ठेक्यात, जमिनीच्या मोजणीत बोलत असतं. जुलै 2024 मध्ये मुळशी तालुक्यातला एक व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याची आई जमिनीच्या वादात शेतकऱ्यासमोर पिस्तूल नाचवत होती. त्यांच्याकडे शस्त्र परवाना होता. ऑक्टोबर 2025 मध्ये पुण्यातल्या एका कुख्यात गुंडाच्या भावाचं प्रकरण गाजलं. पोलिसांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला होता. अर्जदार खटल्यांतून निर्दोष सुटला आहे, असं स्पष्टीकरण मंत्र्यांनी दिलं. कायद्यातली अपिलाची तरतूद सर्वांसाठी आहे. पण तिथपर्यंत कोण पोचतं हे या प्रकरणावरून कळतं.

समाजशास्त्रात मॅक्स वेबरचं एक प्रसिद्ध प्रतिपादन शिकवतात: वैध हिंसेची मक्तेदारी आपल्याकडे आहे असा यशस्वी दावा जी संस्था करते, ती राज्यसंस्था. आपल्या गावांत ही मक्तेदारी कधीच पूर्ण नव्हती. त्यातला मोठा वाटा जातीकडे होता. परवाना वाटपात राजकीय वजन चालतं तेव्हा शासन हा जातीचा वाटा शिक्का मारून कायदेशीर करत असतं.

ॲट्रॉसिटीचा नियम 3

आता ज्या तरतुदीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येऊ. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्याचे नियम 1995 चे. गुन्हा दाखल कसा करायचा, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, आर्थिक साहाय्य किती, हे आपले कार्यकर्ते तोंडपाठ सांगतात. नियम 3 मात्र फारसा कोणी उघडत नाही. तो अत्याचार घडण्याआधी शासनाने काय करायचं, हे सांगतो.

त्यानुसार राज्य शासनाने अत्याचार घडण्याची शक्यता असलेली क्षेत्रं निश्चित करायची. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवून आढावा घ्यायचा. आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रात अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदेशीर शस्त्रं जप्त करायची. आणि त्यानंतर, जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्र परवाने द्यायचे.

हा क्रम लक्षात घ्या. आपल्याला परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, म्हणून ती मागणाऱ्या तरुणाला कोणी अतिरेकी म्हणू नये. पण कायद्याने आधी ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची बंदूक काढून घ्यायला सांगितलं आहे. आपण मात्र थेट शेवटच्या पायरीबद्दल बोलतो आणि पहिल्या चार पायऱ्यांचा हिशेब कोणालाच विचारत नाही.

बंदूक आपल्याला वाचवेल का?

खैरलांजी, 2006. सोनई, 2013. खर्डा, 2014. बोंढार हवेली, 2023. महाराष्ट्राला हादरवणाऱ्या या हत्याकांडांमध्ये एक साम्य आहे. मारेकरी जमावाने किंवा टोळीने आले आणि हातात काठ्या, कुऱ्हाडी, चाकू अशी घरातली, शेतातली हत्यारं होती. त्यांची खरी ताकद संख्येची होती, गावाच्या मौनाची होती. अशा जमावासमोर एका घरातलं एक पिस्तूल किती वेळ टिकेल? आणि गोळी चाललीच, तर पुढे काय होईल? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे. पण आवश्यक तेवढ्याच बळाचा वापर केला, हे कोर्टात उभं राहून दाखवावं लागतं. ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की समोरून दरोड्याची, विनयभंगाची उलट तक्रार येते, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यात गोळीबाराची भर पडली तर पीडित कोण आणि आरोपी कोण, हे एका रात्रीत बदलेल.

दुसरा पुरावा उत्तर प्रदेशचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016 अखेरच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्र परवाने होते. त्यातले 12 लाख 77 हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात सुमारे 84 हजार. अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर आहे. बंदुकांमुळेच अत्याचार होतात, एवढं यावरून सिद्ध होत नाही. पण बंदुका वाढल्या की दुर्बळ सुरक्षित होतो, हा समज मात्र टिकत नाही. बाजारात ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे आधी बंदूक जाते. आपला एक परवाना निघेपर्यंत समोरचे दहा निघालेले असतात.

बाबासाहेबांचा मार्ग

आपण भित्र्यांचे वारस नाही, हे कोणाला सांगायची गरज नाही. भीमा कोरेगाव 1818 चं. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. चातुर्वर्ण्याने बहुजनांना शस्त्रापासून दूर ठेवलं, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असं विश्लेषण बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये 1936 सालीच केलं आहे. नि:शस्त्र असणं ही त्यांच्या दृष्टीने लादलेली गुलामी होती.

आणि तरीही 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यानंतर सनातन्यांनी हल्ला केला, तेव्हा आपल्या बाजूला लढाया पाहिलेले माजी सैनिक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे हल्लेखोरांवर खटला चालला आणि काहींना शिक्षा झाली. 2 मार्च 1930 पासून आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला, तोही दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी संघटनेच्या बळावर चालवला. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधानाचा मार्ग उपलब्ध असताना रक्तरंजित मार्ग सोडायला सांगितलं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धाची अहिंसा म्हणजे दुबळेपणा नव्हे, पण कमरेला कट्टा लावून रील काढणं ही मात्र निव्वळ पहिली गोष्ट आहे.

मग काय करायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या काही महिन्यांत ही कामं हाती घ्यावीत.

1. माहिती अधिकारात जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांकडे तालुकानिहाय, पोलीस ठाणेनिहाय शस्त्र परवान्यांची संख्या मागा. नावं मागितली तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील, आकडे मागा.

2. गुन्हे दाखल असलेल्या किती परवानाधारकांचे परवाने शस्त्र कायद्याच्या कलम 17 खाली निलंबित किंवा रद्द झाले, ते विचारा. त्यात ॲट्रॉसिटीचे आरोपी किती, हे स्वतंत्र विचारा.

3. नियम 3 नुसार जिल्ह्यात कोणती क्षेत्रं अत्याचारप्रवण ठरवली आहेत आणि तिथला शेवटचा आढावा कधी झाला, याचं लेखी उत्तर घ्या.

4. जिल्हा दक्षता व सनियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. इतिवृत्तं मागा. शस्त्र परवान्यांचा विषय कार्यसूचीवर घ्यायला सदस्यांना भाग पाडा. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राज्य समिती वर्षातून दोनदा बसायला हवी. तिचाही हिशेब मागा.

5. ज्या पीडिताच्या किंवा साक्षीदाराच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याच्यासाठी कलम 15अ खाली पोलीस संरक्षण मागा. तेही मिळत नसेल तर नियम 3 चा हवाला देऊन परवान्याचा अर्ज करा आणि नकार लेखी घ्या. तो नकार उच्च न्यायालयात उपयोगी पडेल.

6. आपल्या मंडळाच्या जयंतीत, मिरवणुकीत, बॅनरवर शस्त्र मिरवणाऱ्याला जागा देऊ नका. तो कितीही देणगी देवो.

सोनईच्या तिहेरी हत्याकांडाचा खटला आपल्या नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला. जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना शिक्षा झाली. साक्षीदार, तपास आणि सरकारी वकील उभे राहिले, म्हणून ती झाली. नाशिक खरंच कायद्याचा बालेकिल्ला असेल, तर नियम 3 इथे लागू झालेला दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर पहिला माहिती अर्ज याच आठवड्यात टाका.

जय भीम.