बोगदा नको, मरळ दाखवा

सुट्ट्या लागल्या की धुळ्याहून सुरतेला निघालेल्या कुटुंबाच्या यादीत साड्यांचा बाजार, डुमसचा किनारा आणि पालचे मत्स्यालय या तीन गोष्टी ठरलेल्या असतात. उधना-लिंबायतला कोणी मामा, कोणी साडू असतोच, त्यामुळे मुक्कामाची चिंता नसते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून पिढ्यानपिढ्यांना मासे दाखवत आले. २०१५ मध्ये काचेचा बोगदा बसवून ते नव्याने उघडलेही. पण कोविडकाळात बंद झालेली त्याची दारे नंतर वर्षानुवर्षे उघडली नाहीत. खान्देशाला मासे दाखवण्याचे काम म्हणून सुरतच करते. जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे तिथले मत्स्यालय सुरत महापालिकेने २०१४ मध्ये सुरू केले. गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्याच्या ५० हून अधिक टाक्या तिथे आहेत. एका महापालिकेने हे केले, ही गोष्ट धुळेकरांनी जरा लक्षात ठेवावी.

या सहलीतली गंमत अशी की ती सगळी तापीच्या सोबतीने होते. नंदुरबार, नवापूर, उकाई-सोनगडवरून जाणाऱ्या रेल्वेचे मूळ नावच तापी व्हॅली रेल्वे. (नवापूरच्या फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, हे दाखवायला मुलांना खिडकीशी बसवतातच.) मुलताईला उगम पावलेली नदी सव्वासातशे किलोमीटर वाहून जिथे समुद्राला मिळते, तिथून जवळच आपण तिकीट काढतो आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘निमो’ पाहतो. तो राहतो प्रवाळाच्या समुद्रात. परत येताना मुलाला शार्कच्या चार जाती पाठ झालेल्या असतात, पण ज्या नदीचे पाणी तो पितो तिच्यातला एक मासाही त्याला ओळखता येत नाही. दोष सुरतेचा नाही, बंदरगावाने समुद्र दाखवायचाच. आपला मासा दाखवण्याचे काम आपले होते, ते आपण केले नाही. खान्देशाला मत्स्यालय हवे, पण ते बोगद्याचे आणि शार्कचे नको. दहा-बारा टाक्यांचे, फक्त तापी-पांझरा-गिरणेच्या माशांचे हवे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तपकिरी, मातकट मासे पाहायला तिकीट काढून कोण येणार? आक्षेप खरा वाटतो, कारण आपण हे मासे पाहिलेत ते बाजारातल्या पाटीवर, मेलेले. जिवंत मरळ समोर आणून पाहा. पाण्यात असूनही त्याला वरची हवा लागते. दर थोड्या वेळाने तो संथपणे वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळाशी जातो. वर येऊ दिले नाही, तर मासा असून बुडून मरतो. विणीच्या दिवसांत त्याची लालसर-केशरी पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागाजवळ चेंडूसारखा घोळका करून फिरतात आणि नर-मादी खालून पहारा देतात. जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातात. किंवा वाम घ्या. सापासारखी लांब, पाठीवर काट्यांची रांग, आणि पुढे सोंडेसारखे हलणारे नाकाड. वाळूत ती अशी पुरून घेते की ते नाकाड तेवढे बाहेर दिसते. टाकीत वाळू टाकून ‘यात मासा कुठे आहे?’ एवढा प्रश्न लिहिला, तरी पोरे अर्धा तास हलणार नाहीत. रंग एका नजरेत पाहून होतो, वागणे पाहायला वेळ लागतो.

हा माझा कल्पनाविलास नाही. अमेरिकेतले चॅटानूगा हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबचे, एकेकाळी कारखान्यांच्या धुरासाठी बदनाम झालेले शहर. त्याने १९९२ मध्ये नदीकाठी मत्स्यालय उभारले आणि त्याची कथा ठेवली आपल्याच टेनेसी नदीची: डोंगरावर पडलेला पावसाचा थेंब समुद्रापर्यंत कसा जातो, आणि वाटेत त्याला कोण कोण भेटते. लोक आले, आणि मरगळलेला नदीकाठ त्यातून पुन्हा उभा राहिला. मुलताईपासून डुमसपर्यंतची तापी या कथेला कमी पडेल, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि धुळ्यात तो करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हिशेब करू. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल टाकीत १५,००० लिटर पाणी मावते. अशा दहा टाक्या म्हणजे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर, तेही एकदाच. कारण हे पाणी फेकायचे नसते, गाळून फिरवायचे असते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साचले की थोडे पाणी बदलावे लागते, आणि ते बदललेले पाणी बागेला खतासकट मिळते. पांझरेच्या फडबंधाऱ्यांवर पाळीपाळीने पाणी वाटून घेणाऱ्या मुलुखाला हे शिकवावे लागू नये. राहिले भारनियमन. हवेचा पंप बंद पडला की परदेशी रंगीत मासे तडफडतात, मरळ आणि मागूर वर येऊन श्वास घेतात. महावितरणला पुरून उरतील असे मासे शोधायला आपल्याला परदेशी जायला नको.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे: जीव काचेत कोंडायचाच कशाला? मोठे अंतर कापणाऱ्या प्राण्यांबाबत मी तो पूर्ण मान्य करतो. भारत सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे नाकारली, ते योग्यच केले, आणि शार्कच्या बोगद्याला माझा विरोध आहे तो याच कारणाने. पण डबक्यात वाढणाऱ्या, एका जागी दबा धरून बसणाऱ्या मरळाची गोष्ट वेगळी. शिवाय बाजारातून उचललेल्या मरळापुढे पर्याय काच की नदी असा नसतो, काच की कढई असा असतो.

‘मग मुलांना सरळ नदीवरच न्या’ असे म्हणणाऱ्यांनी पांझरेच्या पुलावरून एकदा खाली पाहावे. आणि तापी? हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई अशी ती आता ठिकठिकाणी अडलेली आहे. वाहत्या, खडकाळ, भरपूर प्राणवायूच्या पाण्यात अंडी घालणाऱ्या महाशीरला थांबलेले पाणी मानवत नाही. त्या साठ्यांत रोहू-कटल्याचे बीज आपण सोडतो, आणि १९५२ मध्ये देशात आणलेली आफ्रिकेची चिलापी तर राज्यभरच्या धरणांत घरच्यासारखी झाली आहे. उजनीत तर घरगुती काचपेट्यांत शेवाळ खायला ठेवतात तो सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला. नको झालेला मासा ‘बिचारा जगेल’ म्हणून पाण्यात सोडणारा माणूस दुष्ट नसतो. त्या पाण्यात आधीपासून कोण राहते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. मध्य प्रदेशाने महाशीरला राज्यमासा केले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला, आणि धुळ्यात पापलेट येते ते बर्फातून.

राहिला पैशाचा प्रश्न. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये याच गावी वारले. त्यांच्यामागे त्यांची कागदपत्रे जपायला इथे संशोधन मंडळ उभे राहिले, तेव्हाही धुळे काही श्रीमंत नव्हते. आज महापालिकेने जुन्या एखाद्या इमारतीत एका टाकीपासून सुरुवात करावी. पहिला मान मरळाचा. पाटीवर त्याचे नाव मराठीबरोबर अहिराणीत आणि भिलीतही लिहावे. ती नावे सांगणारे भोई आणि भिल्ल प्रकाशा-सारंगखेड्याच्या काठावर अजून आहेत.