व्हिडिओ गेम किती दिवसांच्या मजुरीचा?

पोराने व्हिडिओ गेमचा हट्ट धरला की घरात पहिला प्रश्न निघतो, "केवढ्याला आहे?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर रुपयांत न मागता मजुरीच्या दिवसांत मागावे, म्हणजे वस्तू कोणासाठी बनवली आहे ते कळते.

सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. डिस्क चालणाऱ्या संचाची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती. त्याच वर्षी एप्रिलपासून महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २४८ रुपये झाला. म्हणजे एका संचाला दोनशे दिवसांहून अधिक मजुरी! आणि त्या वेळी कायद्याने एका कुटुंबाला वर्षात हमी होती ती १०० दिवसांच्या कामाची. दोन वर्षे घरात चूल न पेटवता राबावे, तेव्हा ही पेटी दारात येणार. अमेरिकेत हाच संच ४९९ डॉलरला होता. तिथले केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवसही पुरते लागत नाहीत. शिवाय कंपनीचा नवा खेळ तेव्हा आपल्याकडे ४,९९९ रुपयांचा होता, म्हणजे आणखी वीस दिवस.

ही गोष्ट फक्त आपलीच नाही. ब्राझीलमध्ये २०१३ साली प्लेस्टेशन ४ ची किंमत ३,९९९ रिआल लावली गेली. तिथले किमान वेतन तेव्हा महिन्याला ६७८ रिआल होते. जवळजवळ सहा महिन्यांचा पगार! बाहेरून आलेल्या मालावर तिथे करांचा बोजा भारी असतो, हे त्याचे एक मोठे कारण.

मग गरीब देशांतली मुले खेळलीच नाहीत काय? खेळली, आणि भरपूर खेळली. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये १४,८०० येनला 'फॅमिकॉम' नावाचा संच काढला. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला केल्या. पुढे आतले सगळे काम एकाच चिपवर बसवले गेले, वरून काळ्या लाखेसारखा थेंब, आणि झाले! किंमत धाडकन उतरली. रशियात डिसेंबर १९९२ पासून हीच नक्कल 'डेंडी' नावाने विकली गेली आणि घराघरात पोहोचली. पोलंडमध्ये तिचे नाव 'पेगासस'. आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' या नावांचे संच चाळीत आणि वस्तीत आले. कोणी म्हणेल, नक्कल म्हणजे चोरी. खरे आहे. पण मूळ कंपनीने या मुलांसाठी दुकानच मांडले नव्हते, हेही तितकेच खरे.

ज्यांना संच घेणे जमले नाही त्यांनी तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळून घेतले. स्वस्त संचातही खर्च लपलेला असे. अडॅप्टर जळे, रिमोटची बटणे बसत, कॅसेटवर '९९९ खेळ' लिहिलेले आणि आत तेच दहा-पंधरा खेळ नावे बदलून पुन:पुन्हा. आणि घरात टी.व्ही. एकच! तो कोणाच्या ताब्यात, यावरून रोज भांडण. त्या भांडणात मुलीचा नंबर बहुधा भांडी घासून झाल्यावर लागे, तोवर बातम्यांची वेळ झालेली असे. पेटी परवडली तरी खेळ तिच्या वाट्याला येत नसे, हा हिशेब किंमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

चीनमधल्या 'सुबोर' कंपनीने १९९०च्या दशकात पालकांचे मन बरोबर ओळखले. तिने त्याच स्वस्त संचाला टंकलेखनाचा कीबोर्ड जोडला आणि 'अभ्यासाचे यंत्र' म्हणून विकले. मुलांनी त्यावर खेळच जास्त खेळले असणार, पण इंग्रजी अक्षरे कुठे आहेत ते बोटांना कळले, हेही काही कमी नाही. असे कीबोर्डवाले संच आपल्या बाजारातही आले. २००८ च्या सुमारास ते पाहून काही संशोधकांनी 'प्लेपॉवर' नावाचा उपक्रम काढला. सुमारे बारा डॉलरच्या या पेटीवर शिक्षणाचे खेळ द्यायचे, अशी कल्पना. जुन्या यंत्रावरचे पेटंटचे हक्क तोवर संपले होते, म्हणून हे शक्य झाले.

या सगळ्यांत मला ब्राझीलच्या 'टेकटॉय' कंपनीचा मार्ग अधिक पसंत आहे. तिने सेगा कंपनीचा 'मास्टर सिस्टम' रीतसर परवान्याने १९८९ पासून आपल्याच देशात आणला, मानाउस शहरात कारखाना चालवला आणि खेळ पोर्तुगीज भाषेत केले. एका जपानी खेळातला नायक काढून तिथे ब्राझीलच्या चित्रकथांमधली मोनिका ही मुलगी नायिका म्हणून बसवली. नवनवे महाग संच आले तरी हा जुना संच तिथे पुढे अनेक वर्षे खपत राहिला. आपली लेकरे मात्र 'स्टार्ट' हा शब्द चित्रासारखा ओळखून बटण दाबत राहिली.

याच टेकटॉयने अमेरिकेच्या क्वालकॉमबरोबर २००९ मध्ये विकसनशील देशांसाठी 'झीबो' काढला. डिस्क नाही, कॅसेट नाही, खेळ मोबाईलच्या जाळ्यातून उतरवायचा. कल्पना चांगली होती. पण २०११ मध्ये तो बंद पडला. तोवर मोबाईलच हातात आला होता. त्यावरचे बरेच खेळ फुकट म्हणून सुरू होतात आणि पुढच्या पायरीला पैसे मागतात. तेव्हा पोराच्या हाती मोबाईल देण्याआधी त्यातली पैसे भरायची सोय बंद करून घ्या, आणि पासवर्ड आईकडे असू द्या.