पडदा मोठा, खिसा छोटा

शुक्रवारी ऑफिस सुटलं की मल्टिप्लेक्सचे वेध लागतात. चौघांची तिकिटं, इंटर्व्हलचं पॉपकॉर्न, पार्किंग आणि परतताना धरमपेठेत जेवण. महिन्यातून दोनदा हा कार्यक्रम झाला की क्रेडिट कार्डाचं बिल उघडायची हिंमत होत नाही. मग डोक्यात किडा वळवळायला लागतो, घरीच थिएटर केलं तर? नवा चांगला प्रोजेक्टर बजेटबाहेर. म्हणून गाडी वळते सेकंडहँडकडे.

माल मिळतोही भरपूर. गेल्या काही वर्षांत कोचिंग क्लासेसनी आणि ऑफिसांनी छतावरचे प्रोजेक्टर उतरवून भिंतीवर टच पॅनेल लावले. उतरवलेले प्रोजेक्टर कुठे जाणार? आपल्यासारख्या हौशी लोकांकडेच!

आमच्या एका मित्राला असाच एक ‘सॉलिड डील’ मिळाला. विकणाऱ्यानं मेनू उघडून दाखवला, ‘भाऊ, फक्त ३१२ तास चालला आहे, नवाच समजा.’ मित्रानं पहिल्या बोनसचे पैसे मोजले. आईबाबांना घरी मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवायचा, एवढीच त्याची इच्छा होती. महिनाभरात चित्र लुकलुकायला लागलं आणि एके दिवशी ऐन क्लायमॅक्सला दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून तो मटकन खालीच बसला. म्हणाला, ‘अबे, एवढ्यात तर यापेक्षा बरा प्रोजेक्टर आला असता!’

हाच आपला आजचा फंडा. जुना प्रोजेक्टर घेताना खरं तर आपण तीन गोष्टींचे पैसे देतो. एक डबा, दुसरा दिवा आणि तिसरी आपली खोली. विकणारा किंमत सांगतो फक्त पहिल्याची.

आधी दिवा बघा

या प्रोजेक्टरमधला दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो. पण ‘चालतो’ याचा अर्थ कंपनीच्या भाषेत असा, की तेवढ्या तासांनी त्याचा उजेड निम्म्यावर येतो. मेनूमधला तासांचा आकडा नवा दिवा बसवल्यावर शून्यावर आणायचा असतो. दिवा न बदलताही तो शून्यावर आणता येतो, मित्राची गोची झाली ती इथेच. काही मॉडेल्समध्ये मशिनचे एकूण तास वेगळे दिसतात, तेही बघा. शिवाय रिमोटची बटणं घासून गुळगुळीत झालीत का, हवेच्या जाळीत धूळ ठासून बसली आहे का? मशिन म्हातारं आणि आकडा तरुण असेल, तर समजून जा.

किंमत ठरवण्याआधी त्या मॉडेलचा दिवा मिळतो का आणि कितीला, हे सीताबर्डीत किंवा ऑनलाइन विचारून घ्या. ती रक्कम प्रोजेक्टरच्या किमतीत मिळवा आणि मगच घासाघीस सुरू करा. नव्या मालाशीही तुलना करा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. विकणारा अजून जुन्याच नव्या-किमतीचा हिशेब सांगत असेल, तर त्याला ही तारीख ऐकवा.

आकड्यांची जादू

‘फोर के सपोर्ट’ या शब्दांना भुलू नका. सपोर्ट म्हणजे प्रोजेक्टर तो सिग्नल घेतो, एवढंच. पडद्यावर दाखवतो तो त्याच्या नेटिव्ह रिझोल्यूशननंच. क्लासमधून आलेले बरेच प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८चे असतात. त्यावर टीव्हीच्या आकाराचं चित्र लावलं, की वापरात येतात १०२४ बाय ५७६ बिंदू. फुल एचडीचे बिंदू याच्या साडेतीन पट. पॉवरपॉइंटला ते चाललं, पण सिनेमात अक्षरं आणि चेहरे भुरकट दिसतात. पैसे थोडे वाढवा, पण नेटिव्ह १९२० बाय १०८०च शोधा. २०१२च्या सुमारास आलेला बेनक्यू डब्ल्यू १०७० हे या जातीचं ओळखीचं उदाहरण. फुल एचडी, २००० लुमेन आणि सव्वाआठ ते अकरा फुटांवरून १०० इंची चित्र. म्हणजे आपल्या फ्लॅटच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसणारा. ऑफिसचे अनेक प्रोजेक्टर तेवढंच चित्र द्यायला जास्त अंतर मागतात. म्हणून घराबाहेर पडण्याआधी खोली टेपनं मोजा. एचडीएमआय आहे ना, हेही पाहा. अगदी जुन्या मॉडेल्सवर ओटीटीचा सिनेमा कॉपी-संरक्षणामुळे उमटतच नाही.

काळोख विकत घ्या

आता एक सोपं गणित. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. डिजिटल सिनेमाचं प्रमाण आहे दर चौरस फुटाला १४ लुमेन. म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यासाठी हवेत ४२० लुमेन, बस्स! २००० लुमेनचा प्रोजेक्टर सिनेमा मोडमध्ये समजा १२०० देतो. दिवा जुना होऊन निम्मा झाला, तरी ६०० उरले. आहे की नाही मजा?

अट एकच, खोलीत काळोख हवा. प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे तुमच्या खोलीतला अंधार. ट्यूबलाइट चालू असली की व्हिलनचा काळा कोट राखाडी होतो. तेव्हा ३००० लुमेनच्या मागे धावण्यापेक्षा जाड पडदे शिवून घ्या. पडद्याच्या जागी मॅट पांढरी भिंतही चालते. दिवसा लाइट लावून मॅच बघायची असेल, तर मात्र टीव्हीच बरा.

बघायला जाताना

आपला लॅपटॉप किंवा स्ट्रीमिंग स्टिक सोबत न्या. पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं, अशी पाच चित्रं पेनड्राइव्हवर ठेवा. एलसीडी प्रोजेक्टरमध्ये पांढऱ्यावर पिवळे डाग दिसले, तर आतला भाग उष्णतेनं गेलाय. डीएलपीमध्ये काळ्यावर पांढरे ठिपके दिसले, तर त्याचे सूक्ष्म आरसे अडकलेत. हे दोन्ही दोष पुसून जात नाहीत, तिथून नमस्कार करून निघा. बाकी ठीक असेल तर चहा मागवा आणि मशिन अर्धा तास चालू ठेवा. लुकलुकणं, आपोआप बंद पडणं, चाकाची शिट्टीसारखी करकर, हे सगळं गरम झाल्यावरच कळतं. विकणारा ‘लाइट नाही’, ‘वायर नाही’ असं सांगत असेल, तर आपणही ‘पैसे नाहीत’ सांगावं.

आणि आपला नागपुरी उन्हाळा

ही गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत. बऱ्याच प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं कमाल तापमान ३५ किंवा ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि नवतप्यात तर घराच्या भिंतीही तापतात. दुपारचा शो म्हणजे दिव्यावर अत्याचार. मॅटिनी विसरा, उन्हाळ्यात रात्रीचाच खेळ. कूलरचा दमट झोत थेट प्रोजेक्टरवर येऊ देऊ नका, जाळी दर महिन्याला साफ करा आणि मागे-बाजूला हवेला जागा ठेवा. लाइट अचानक गेली तर पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो, म्हणून काही मिनिटांचा यूपीएस लावाच. एक फायदा मात्र आहे. प्रोजेक्टरच्या पंख्याच्या आवाजाची तक्रार नागपुरात कोणी करत नाही, कूलरपुढे तो ऐकूच येत नाही! संवाद ऐकू यावेत म्हणून घरातला जुना स्टिरिओ जोडा.

मित्राचं पुढे काय झालं? तो डबा त्यानं ई-कचऱ्यात दिला. दिव्यात पारा असतो, तो घरच्या कचऱ्यात टाकायचा नसतो. सहा महिने पैसे साठवून त्यानं दुसरा फुल एचडी घेतला. या वेळी पाच चित्रं, टेप आणि दिव्याची किंमत, सगळं सोबत नेलं होतं. पहिला शो गच्चीवर झाला, रात्री साडेदहाला, ऊन उतरल्यावर. सिनेमा होता नागराज मंजुळेंचा २०२२ सालचा ‘झुंड’, आपल्याच नागपुरात चित्रित झालेला. गुडघ्यांमुळे थिएटरच्या पायऱ्या चढणं सोडलेले बाबा खुर्ची टाकून पहिल्या रांगेत बसले होते. मध्येच म्हणाले, ‘अरे, हे तर आपलं गाव आहे!’

इंटर्व्हलला पॉपकॉर्न घरचंच होतं. पार्किंग फुकट.