चारशे दोन ओहम

मागच्या महिन्यात एका रेझिस्टरसाठी मी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. पुण्याहून. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे त्याचं खरं नाव, पण ते उच्चारलं तर टॅक्सीवालासुद्धा दोन सेकंद विचार करतो. असो.

त्याआधीचे दोन शनिवार बुधवार पेठेत गेले होते. मला हवा होता ४०२ ओहम, ०.१ टक्का टॉलरन्स, २५ पीपीएम, ०६०३ साइझ. म्हणजे १.६ मिलीमीटर लांब, ०.८ रुंद. शिंक आली तर गेला. दुकानदार म्हणाला, "साहेब, ३९० घ्या ना, एक टक्क्यातला. बारा ओहमनं काय होतंय?"

काय होतंय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

सांगलीला माझ्या आत्याची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. फ्रीजमधली रीएजंट्स २ ते ८ अंशांत राहिली पाहिजेत. दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून वहीत लिहायचं, अशी तिची पद्धत. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली, सकाळी आली, वहीत दोन्ही वेळचे आकडे बरोबर, आणि तीन दिवसांनी कंट्रोलचे रिपोर्ट वेडेवाकडे यायला लागले. माल तर फेकावा लागलाच, पण मधल्या तीन दिवसांतल्या पेशंट्सना फोन करून परत रक्त द्यायला बोलवावं लागलं. आत्या मला म्हणाली, "तू एवढा इंजिनियर, रात्री मला उठवेल असं काही करता येईल का रे?" (विकतचे लॉगर मिळतात, मलाही ठाऊक आहे. पण आत्यानं असं विचारल्यावर विकतचा कोण आणतो?)

सेन्सर पीटी-१००, प्लॅटिनमचा. शून्य अंशाला १०० ओहम, पुढे दर अंशाला साधारण ०.३९ ओहम. तो वाचणारी मॅक्स-३१८६५ नावाची चिप सेन्सरची तुलना एका रेझिस्टरशी करते. हा तो रेझिस्टर. तोच एक टक्का चुकला तर तापमान अडीच अंशांनी चुकलं. फ्रीजमध्ये खरे ९ अंश असताना माझं यंत्र ६.३ दाखवेल आणि आत्या निवांत झोपेल. ०.१ टक्का घेतला तर चूक पाव अंशाची.

लॅमिंग्टन रोडवर एक म्हातारे काका भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "३९०च घे. नेमका किती आहे तो मोज आणि तो आकडा प्रोग्रॅममध्ये टाक." अगदी बरोबर सल्ला! माझ्या चार वर्षांच्या डिग्रीत हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पण दोन अडचणी. माझ्या मीटरची स्वतःचीच खात्री अर्ध्या टक्क्याची, मग मोजणार कशानं? तरी बर्फाच्या पाण्यात सेन्सर बुडवून शून्य जुळवता आलं असतं. दुसरी अडचण मात्र सुटत नाही. बोर्ड फ्रीजच्या बाहेर, दारावर चिकटवलेला. सांगलीत डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३० अंशांचा फरक धरा. साधा रेझिस्टर दर अंशाला १०० पीपीएम सरकतो, म्हणजे वाचनात पाऊण अंशाचा घोळ. २५ पीपीएमचा असेल तर ०.२.

काकांकडे जुन्या पद्धतीचे पायवाले अचूक रेझिस्टर होते. चांगले होते. पण ते माझ्या डबीत मावेनात, कारण मी काडेपेटीएवढी सुंदर डबी आधी विकत घेतली होती आणि बोर्ड तिच्या मापानं आखला होता. ही चूक शंभर टक्के माझी. आम्ही सॉफ्टवेअरवाले असेच, लायब्ररी डाउनलोड होते तसा पार्टही होईल असं धरून चालतो.

चिपची वेगळीच कथा. एका विक्रेत्याकडून स्वस्तात आणलेली पहिली चिप काही केलं तरी एकच आकडा दाखवायची. बहिणीच्या नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसली तर वरचं नाव कापसावर आलं!

तर माझं मत असं, की अचूक पार्ट घेताना आपण वस्तू घेतच नाही, भरवसा घेतो. एक टक्क्याचा आणि ०.१ टक्क्याचा ०६०३ रेझिस्टर हातात घेऊन मला ओळखता येणार नाही. फरक असतो बिलात, पाकिटावरच्या लॉट नंबरात, कुणाकडून कुणाकडे आला या साखळीत. आपल्याकडे बोलणं चालतं ते फॅबचं. २०२१ साली सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना आली, २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची. उत्तम. पण पाच हजारांचं रीळ फोडून दहा नग, बिलासकट, काउंटरवर देणारा माणूस हीसुद्धा इंडस्ट्रीच आहे. अमेरिकेतली डिजी-की ही अवाढव्य कंपनी १९७० च्या दशकात हॅम रेडिओवाल्या हौशी लोकांना किट आणि सुटे पार्ट विकत सुरू झाली, तेही मिनेसोटातल्या एका लहानशा गावातून. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. दहा नगांसाठी वर्षातून एकदा येणाऱ्या माझ्यासारख्यासाठी त्यानं पैसे का अडकवावेत? पण हे गणित बदलल्याशिवाय कॉलेजातली पोरं ३९० ओहम आणि एक टक्का यावरच प्रोजेक्ट करणार, आणि मग आपणच म्हणणार, आपल्याकडे हार्डवेअर कुणी करत नाही.

शेवटी परदेशातूनच मागवले. दहा नग, सोबत खरी चिप. केवायसीची कागदपत्रं दिली, आणि कुरिअर व कर मिळून मालाच्या किमतीएवढेच पैसे गेले. सोल्डर करताना एक रेझिस्टर उडाला, तो अजून सापडला नाही. आईनं झाडू मारताना लक्ष ठेवीन म्हटलंय.

यंत्र गेल्या रविवारी आत्याकडे लावून आलो. मंगळवारी पहाटे तीनला वाजलं. वीज गेली नव्हती, फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं. आत्यानं तेव्हाच मला फोन केला, "अरे, ओरडतंय हे, बंद कसं करायचं?" ते बटण द्यायचं राहिलंच होतं.

आठ रेझिस्टर उरलेत. पुण्यात कुणाला खरंच लागले तर दोन-चार देईन, पाकीट दाखवून.