वराहमिहिराचे अंगुळ आणि मॅनिंगची बोटे

उज्जैनच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत पुरुषलक्षणे सांगितली. माणसाची उंची त्याच्याच अंगुळांनी मोजायची. 108 भरली तर उत्तम, 96 मध्यम, 84 हीन. 1998 साली इंग्लंडात जॉन मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागले आणि हा आकडा गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनची खूण असावा, असे मांडले. झाले! ‘आपल्या सामुद्रिकाला विज्ञानाने दुजोरा दिला’ म्हणणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळाले. उज्जैनच्या रामघाटावर हात पाहणाऱ्याचे एक वेळ सोडा. बोटांवरून खेळातली कुवत, धाडस, लैंगिक कल सांगणारे सुशिक्षितही कमी नाहीत.

मात्र ‘सगळे थोतांड’ म्हणून हात झटकणाऱ्यांच्या पंगतीतही मला बसायचे नाही. गर्भातली संप्रेरके हाडांवर परिणाम करतात, हे खरेच आहे. 2011 मध्ये झेंग आणि कोन यांनी उंदरांच्या भ्रूणांत दाखवले, की चौथ्या बोटाच्या, म्हणजे आपल्या अनामिकेच्या जागच्या, पेशींत या संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर) दुसऱ्या बोटापेक्षा, म्हणजे तर्जनीपेक्षा, जास्त असतात. अँड्रोजेनचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा, ग्राहक निकामी केला तर चौथे बोट कमी वाढते. इस्ट्रोजेनचा केला तर जास्त वाढते. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

पण यावरून एकेकट्या माणसाचा हात वाचता येत नाही. काही स्त्रियांची गुणसूत्रे एक्सवाय असतात, पण अँड्रोजेनला त्यांचे शरीर प्रतिसादच देत नाही. 2009 मध्ये बेरनबॉम आणि सहकाऱ्यांनी त्यांची बोटे मोजली. सरासरी स्त्रियांसारखी निघाली, सिद्धान्ताला अनुकूलच. पण त्यांच्या आपापसांतला फरक इतर स्त्रियांमधल्या फरकापेक्षा कमी नव्हता. ज्यांच्यावर अँड्रोजेनचा परिणाम शून्य, त्यांच्याही आकड्यांत एवढी तफावत असेल, तर ती अँड्रोजेनमुळे आली म्हणायचे कसे? मला हा मुद्दा निर्णायक वाटतो. ऑस्ट्रेलियात तर जन्मवेळी नाळेच्या रक्तातली संप्रेरके मोजली होती. ती मुले मोठी झाल्यावर त्यांची बोटे मोजली, तेव्हा मेळ बसला नाही. जन्मवेळ म्हणजे फार उशीर, असा बचाव यावर करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण बचाव म्हणजे पुरावा नव्हे.

मोजणीचेही पाहा. तळव्याकडून, बोटाच्या मुळाशी असलेल्या घडीपासून टोकापर्यंत मोजायचे. तर्जनी 72 मिलिमीटर, अनामिका 75, गुणोत्तर 0.96. तर्जनी मोजताना पट्टी एक मिलिमीटर सरकली की 0.973. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक साधारण एवढाच असतो! बीबीसीच्या 2005 च्या इंटरनेट पाहणीत तर अडीच लाखांहून अधिक लोक होते आणि बोटे त्यांनी घरी स्वतःच पट्टीने मोजली होती.

शिवाय सांगाडा गर्भात लिहून संपत नाही. कटीची हाडे घ्या. झुरिकच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की मुलामुलींची ही हाडे बालपणी बरीच सारखी असतात. वयात आल्यावर मुलींची रुंदावत जातात आणि चाळिशीनंतर पुन्हा आकसू लागतात. म्हणजे संप्रेरके आयुष्यभर हाडांवर काम करत राहतात. त्यातले गर्भातले काही आठवडे तेवढे वेगळे काढून त्यांत माणसाचा स्वभाव शोधणे हा शुद्ध हट्ट आहे.

वराहमिहिराला यात ओढणे तर त्याच्यावरही अन्याय आहे. तो लक्षणांचे शास्त्र सांगत होता, संप्रेरकांचे नाही. त्याच्या 108 अंगुळांचा पडताळा कुणी मागितला नाही. मॅनिंगच्या आकड्याला मात्र त्याच्याच क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षे उलटतपासणीत उभे करत आले आहेत. विज्ञान म्हणायचे ते याला.

तेव्हा मुलाच्या बोटांवरून त्याचा कल सांगतो म्हणून कुणी शुल्क मागितले, तर देऊ नका. शंभर अनोळखी हातांवरून तुमचे किती अंदाज बरोबर आले, एवढेच त्याला विचारा.