नाव जुळत नाही, सबब दावा नामंजूर

पगारातून पैसा कापून घेताना ज्याचे नाव कोणी धड वाचून पाहिले नाही, त्यानेच तो परत मागताच त्याच्या नावातील अक्षर न् अक्षर पारखले जावे, हा न्याय मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे लालबाग-परळच्या भाषेत फंडाच्या, बाबतीत आज तो राजरोस चालू आहे. 2022-23 या वर्षात अंतिम रकमेसाठी आलेल्या सुमारे 74 लाख दाव्यांपैकी सुमारे 25 लाख नामंजूर झाले. तीन माणसांमागे एक! सारेच दावे नावापायी फेटाळले गेले असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाव वा तारीख 'आधार'शी जुळत नाही, हे कारण त्यांत वारंवार आढळते.

ते का जुळत नाही, हे मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नाही. 1952 चा फंडाचा कायदा प्रथम ज्या 6 उद्योगांना लागू झाला, त्यांत कापडगिरण्या होत्या. कोकणातून वा घाटावरून आलेल्या माणसाचे नाव मस्टरवर चढे ते कारकुनाला ऐकू येईल तसे, आणि तेही इंग्रजी अक्षरांत. कोणी आडनाव गाळले, कोणी बापाच्या नावालाच आडनाव करून टाकले. जन्मतारखेचा प्रश्न तर शाळामास्तरांनी आधीच सोडवून ठेवलेला : सरसकट 1 जून! पुढे 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक मिटल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती उठल्या, आणि त्याच फाटकावर गिरणी कामगाराचा मुलगा ठेकेदाराचा पहारेकरी म्हणून उभा राहिला. ठेकेदार बदलला की नोंद नवी, आणि नावाची अक्षरेही नवी.

गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांनी आपण यातून सुटलो असे समजू नये. विवाहानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव आणि आडनाव ही तिन्ही पालटण्याची रीत आपल्याकडे दीर्घकाळ चालत आली. माहेरच्या नावाने साठलेला पैसा सासरच्या नावाने मागणारी बाई संगणकाच्या लेखी परकीच ठरते.

ओळखीची खातरजमा नकोच, असे म्हणणारे आम्ही नव्हे. कष्टकऱ्यांच्या ठेवीवर डोळा ठेवणारे पुष्कळ आहेत. पण ही चाळणी त्यांना अडवते काय? 2021 साली याच शहरात, संघटनेच्या कांदिवली कार्यालयात, सुमारे 20 कोटी रुपयांचे अपहार-प्रकरण उघडकीस आले. केव्हाच्या बंद पडलेल्या कंपन्यांचे नोकर म्हणून परप्रांतीय मजुरांना कागदोपत्री उभे करून त्यांच्या बँकखात्यांतून पैसा काढल्याचा आरोप झाला, आणि तो खुद्द कार्यालयातील माणसांवर! तेथे दावे बिनबोभाट मंजूर होत गेले. कागद बनवणारा नाव जुळवूनच बनवतो. अडतो तो तीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या हस्ताक्षराला बांधलेला प्रामाणिक माणूस.

संघटनेने काहीच केले नाही असे नाही. जानेवारी 2025 मध्ये सभासदाला आपले नाव व तारीख स्वतः दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, तर एप्रिलमध्ये धनादेशाची प्रतिमा जोडण्याचा जाच गेला. परंतु पहिली मुभा आहे ती 1 ऑक्टोबर 2017 नंतर क्रमांक मिळालेल्यांना; ज्यांची नावे मुळातच 'आधार'शी ताडून घेतलेली होती त्यांना! ज्यांच्या नोंदी जुन्या आणि म्हणूनच सदोष, त्यांना मालकाचे दार दाखवण्यात आले. ते दार आज कोठे आहे? गिरणीच्या जागी मॉल आहे, आणि ठेकेदाराने गाशा गुंडाळला आहे. मग साक्षांकित कागदांची चळत घेऊन वांद्र्याला हेलपाटे घालणे, एवढेच हाती उरते.

चूक ज्याने लिहिली त्याने ती निस्तरावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. मालकाने दरमहा कोणाच्या नावावर किती भरले, याचे दप्तर संघटनेपाशी आहे, सभासदापाशी नाही. 2017 पूर्वीची खाती तिने आपण होऊन तपासावीत. नोकरीचा काळ व भरणा जुळत असताना केवळ अक्षरभेदासाठी दावा फेटाळू नये. शंका असेल तर माणसाला बोलावून विचारावे. आणि फेटाळायचाच झाला, तर सर्व त्रुटी एकाच वेळी, मराठीतून, लेखी कळवाव्यात. आज एक त्रुटी पुरी केली की महिन्याने दुसरी निघते. हे काम लालबाग वा नायगावात टेबल मांडून होण्याजोगे आहे. अर्जदारांपैकी अनेकांनी साठी ओलांडलेली आहे, तेव्हा ते पुढील वर्षावर ढकलता येणार नाही.